चंपाची हाळी

काल संध्याकाळी आमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात हरभरे संपले होते. दुकानदार म्हणाला, "मॅडम, भरती निघालीय ना. पोरं किलो किलो नेतायत." हे ऐकून मी इतकी खूश झाले, की त्या बिचाऱ्याला वाटलं असणार, हिला हरभरे नकोच होते. रिकाम्या पिशवीनिशी मी रस्ताभर हसत घरी आले.

आमच्या घणसोलीत पोलीस भरतीचा हंगाम असा कळतो. थंडी सरत आलेली असते, पण खाडीवरून येणारा वारा पहाटे अजून कानाला झोंबतो. ठाणे-बेलापूर रस्त्यापलीकडच्या कुठल्याशा कारखान्यातून गोडसर वास येत असतो. आणि रस्त्यावरच्या दिव्यांखालून पोरं-पोरी धावत असतात, कुणाच्या पायात दादाचे बूट, कुणाच्या पायात काहीच नाही. दूधवाला सायकल कडेला घेऊन त्यांना वाट देतो. एखाद्या खिडकीतून आई ओरडते, "स्वेटर घातलास का गं?" आणि तोवर पोरगी पुढचा चौक ओलांडून गेलेली असते. ते दृश्य दिसलं, की माझ्या पोटऱ्या आपोआप ताठ होतात. वर्दीत येऊन इतकी वर्षं झाली, तरी होतात.

माझ्या भरतीच्या वर्षी माझ्यामागे माझे आबा असायचे. मागे म्हणजे खरोखरच मागे, हातात काठी, डोक्याला मफलर, आणि तोंडात ती हाळी: "हैऽऽ चंपाऽऽ, होऽऽ!"

माझं नाव शीतल. चंपा हे एका खेचराचं नाव.

आबा म्हणजे माझ्या वडिलांचे वडील. साताऱ्याकडच्या एका कोरडवाहू गावातून मिसरूड फुटायच्या आत फौजेत गेलेले. गावात परत आलेल्या एका फौजीचे बूट त्यांना आवडले होते, एवढंच कारण. फौजेत त्यांना वाटलं बंदूक मिळेल, तोफ मिळेल. मिळालं खेचर. डोंगरात जिथे गाडी चढत नाही तिथे माल चढवायच्या तुकडीत त्यांना घातलं. चंपा लाथा मारायची, चावायची, अडून बसायची, आणि चढणीला लागली, की थांबायचं नाव घ्यायची नाही. दोघांनी मिळून दारूगोळा वर नेला, रेशन वर नेलं, आणि लढाईच्या दिवसांत जखमी जवान खाली आणले. लढाईबद्दल विचारलं, की आबा एवढंच सांगायचे, "वर जाताना वझं बोलत न्हाई. खाली येताना बोलतं. त्येचं ऐकत चालावं लागतं." पुढचं सांगायचे नाहीत. मग चंपाने एका साहेबाची टोपी कशी खाल्ली, ती गोष्ट सुरू व्हायची. ती मात्र आम्ही कितीदाही ऐकली, तरी त्यांना कंटाळा यायचा नाही.

फौजेतून सुटल्यावर शेतीत पोट भरेना, म्हणून ते मुंबईच्या धान्यबाजारात माथाडी झाले. वर्षानुवर्षं डोंगरात जनावराच्या पाठीवर ओझं बांधणारा माणूस आता स्वतःच्या पाठीवर ओझं घेऊ लागला. ह्याचं त्यांना दुःख वगैरे काही नव्हतं. "चंपाची उसनवारी फेडली," म्हणायचे. पुढे बाजार खाडी ओलांडून वाशीला आला, त्याच्यामागे आमचं घर घणसोलीला आलं. हमाली सुटली तेव्हा पावणे एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्याच्या फाटकावर ते वॉचमन झाले. तिथल्या यूपीच्या कामगारांकडून भोजपुरी गाणी शिकले आणि ती अस्सल सातारी हेल काढून म्हणायचे. ती नोकरी सुटल्यावर आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांनी भाजी लावली, वांगी फार आली, ती घरोघर वाटून शेजाऱ्यांना नको नको करून सोडलं. एका माणसाने एका जन्मात किती जणांचं आयुष्य जगावं? मला तर वाटायचं, आबांना देवानं घाईघाईत दोन-तीन माणसांचा वाटा देऊन टाकलाय.

एवढं सगळं झालं आणि तरी त्यांच्या मनात एक हौस उरलीच होती. घरात पुन्हा एक वर्दी यावी. माझे वडील बाजारात लागले, काका रिक्षा चालवायला लागले. फौजेचं नाव कुणी काढलं नाही. आबा कुणाला काही बोलले नाहीत. पण सव्वीस जानेवारीला ते आपल्या फौजी कोटाची जुनी पितळी बटणं घासत बसायचे आणि घासताना कुणाकडेच बघायचे नाहीत.

म्हणून मी भरतीचा फॉर्म भरला, असं म्हटलं तर खोटं होईल. मला पोलीसच व्हायचं होतं, लहानपणापासून. पण दोनदा मी मैदानावरच पडले. गोळा बरा जायचा, छोटी धाव छान जायची, आठशे मीटरला घात व्हायचा. पहिली फेरी मी वाऱ्यासारखी मारायचे. दुसऱ्या फेरीत पाय लोखंडाचे व्हायचे, आणि बाकीच्या पोरी शेजारून निघून जायच्या. तिसरी भरती निघाली, तेव्हा वयात बसण्याची ती माझी शेवटची खेप होती. ह्या वेळी गेलं म्हणजे कायमचं गेलं. घरात सगळ्यांना ते माहीत होतं, त्यामुळे कुणीच तो विषय काढत नव्हतं. आई न बोलता दुधात जास्तीची साय घालायची.

विषय काढला आबांनी. एका पहाटे माझ्या पांघरुणाचं टोक काठीने उचललं. "ऊठ चंपे. तुला पळाया येतंय. चढाया येत न्हाई. आजपासनं चढ."

घणसोलीशेजारच्या तळवलीच्या मागे डोंगर आहे. तिथे त्यांनी मला नेलं, आणि धावायला लावायच्या ऐवजी चालायला लावलं. आठवडाभर नुसतं चालणं! मी वैतागले. माझ्याबरोबरच्या पोरी मैदानावर घड्याळ लावून पळतायत, आणि मी म्हाताऱ्याबरोबर डोंगर चढतेय, तेही पाठीवर तांदळाची पिशवी घेऊन. पिशवी आबा स्वतः बांधायचे. दोन्हीकडचा भार सारखा आहे का हे हाताने चाचपायचे, पट्टा एक बोट सैल करायचे, आणि पाठीवर थाप मारून म्हणायचे, "सुट."

"आबा, मी काय खेचर आहे का?"

"न्हाईस. खेचरानं इतक्यांदा विचारलं नसतं."

हरभरे भिजवायचं कामही त्यांचंच. खेचरांना फौजेत हरभरे मिळायचे. जे चंपाला चाललं ते पोलिसाला चालेल, असं त्यांचं सरळ गणित. सकाळी उठल्यावर मूठभर हरभरे आणि गुळाचा खडा त्यांच्या हातावर तयार असायचा. तो हात अजून डोळ्यासमोर येतो, ओझ्याच्या दोरांनी रेघा पडलेला, आणि त्यात मधोमध टपोरे, फुगलेले, ओले हरभरे. जगात इतकं चविष्ट काही मी नंतर खाल्लेलं नाही. हॉटेलात खाल्लं, लग्नात खाल्लं, पण नाही.

आणि चढताना ते कधी पुढे जायचे नाहीत. कायम शेजारून. मी एकदा म्हटलं, "तुम्ही पुढे चला ना, म्हणजे मी तुमच्यामागून वेगात येईन." तर म्हणाले, "चढावर जनावराला वढायचं नसतं. वढलं की त्ये अडतं. शेजारनं चालायचं. त्येला वाटलं पायजे, दोघं मिळून चाललोय." दम लागला, की जीभ टाळ्याला लावून टॉक टॉक आवाज काढायचे आणि मग ती हाळी द्यायचे. डोंगरावर सकाळी फिरायला येणारी रिटायर्ड मंडळी आधी दचकायची. नंतर तीही आबांना बघून "हैऽऽ चंपा" म्हणायला लागली. मला लाज वाटायची आणि पायात बळही यायचं, एकाच वेळी.

एक दिवस त्यांनी खिशातून लाल रिबीन काढली. चांगली दोन बोटं रुंद, शाळकरी पोरी बांधतात तसली. म्हणाले, "येणीला बांध." मी म्हटलं, "आबा, मी काय शाळेत जाते?" तर म्हणाले, फौजेत जे जनावर लाथा मारतं त्याच्या शेपटीला लाल फडकं बांधतात, म्हणजे मागचा माणूस सावध राहतो. "तू लई लाथा मारतीस. बांध." सगळं घर हसलं. आईच्या डोळ्यांतून पाणी आलं हसून हसून. मी रुसून रिबीन बांधली आणि त्या दिवसापासून रोज बांधली. बघता बघता डोंगरावर माझ्याबरोबर यायला लागलेल्या आणखी तिघी पोरींनाही आबा चंपाच म्हणायला लागले. रिबीन मात्र माझ्या एकटीला.

मग मैदानाचा दिवस आला. खारघरच्याही पुढे, मोठं मैदान, एका लांब बाजूला तारेची जाळी, जाळीबाहेर रस्ता, आणि रस्त्यावर आमच्यासारख्यांची घरची माणसं. कुणाची आई टोपलीत चपात्या घेऊन बसलेली, कुणाचा भाऊ जाळीला चिकटलेला. आत फक्त आम्ही. छातीवर नंबर, सगळ्या पांढऱ्या टी-शर्टात. आबा पहाटेच तयार झाले होते. डॉक्टरांनी दगदग करू नका म्हणून बजावलं होतं, वडील चिडले होते, पण आबांनी बटणवाला जुना कोट घातला आणि रिक्षात सगळ्यांच्या आधी जाऊन बसले. त्यांना कोण उतरवणार?

शिट्टी झाली. मी ह्या वेळी वाऱ्यासारखी सुटले नाही. चंपाच्या चालीने सुटले. पहिलं वळण, दुसरं वळण, आणि जाळीची बाजू आली. मी चौथी-पाचवी असेन. आणि ऐकू आलं: "हैऽऽ चंपाऽऽ, होऽऽ!"

अंगावर सरसरून काटा आला! आबा जाळीच्या बाहेरून धावत होते. धावत म्हणजे दोन पावलं पळायचे, चार चालायचे, काठी हवेत. लोक बाजूला सरकून त्यांना वाट देत होते. मी नजर त्यांच्याकडे वळवली, आणि माझ्या लक्षात आलं, की ते माझ्याकडे बघतच नाहीयेत. ते माझ्या पुढे बघतायत. माझ्यापुढे एक उंच, सावळी पोरगी धावत होती, पहिल्या नंबरावर, आणि तिच्या वेणीला लाल रिबीन होती.

आबा तिच्या शेजारून धावत होते.

मी त्यांच्या समोरून गेले, हातभर अंतरावरून, तरी त्यांचं तोंड तिच्याकडेच. "हो राणी, हो! दम धर! म्या हाय!" कोणाला म्हणताय आबा? मी इथे आहे! इतका राग, इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. दोन महिने डोंगर मी चढले, तांदूळ मी वाहिले, खेचर मी झाले, आणि माझे आबा भलतीच्या शेजारून चाललेत! दुसरी फेरी सुरू झाली, जिथे माझे पाय दर वेळी लोखंडाचे होतात ती. ह्या वेळी पायांकडे लक्षच नव्हतं. माझं लक्ष त्या रिबिनीवर होतं. एक पोरगी मागे टाकली, दुसरी टाकली, तिसरी. जाळीची बाजू पुन्हा आली, हाळी पुन्हा आली, पुन्हा तिलाच. मी दात खाल्ले आणि निघाले. आबांच्या आवाजापर्यंत पोचायचं, एवढंच डोक्यात. रेषा ओलांडली तेव्हा ती पोरगी माझ्या खांद्याइतकीच पुढे होती, आणि मी इतकी जोरात पळत होते, की रेषेच्या पुढेही बरंच पळत गेले. मागून एका पोलीस ताईने ओरडून थांबवलं.

वेळ कळली. मी खालीच बसले. मग उठले. मग आरडाओरडा केला, कुणाला तरी मिठी मारली, कोण होती ते आजतागायत ठाऊक नाही.

बाहेर आले, तर आबांभोवती घोळका. ते सगळ्यांना सांगत होते, "माझी नात! पयल्यापासनं फुडं! येकदा बी माघारी न्हाई बगितलं!" मी काही बोलणार, तेवढ्यात ती उंच पोरगी गर्दीतून आली आणि सरळ आबांच्या पाया पडली. तिच्यामागे तिचे वडील, हातात तिचे बूट.

"बाबा," ती म्हणाली, "मी उरनची. तुमी कोनाला हाका मारत होते, मना नाय ठाव. पन मना वाटला मनाच मारताव. मी तुमच्याच आवाजावर धावले."

आबांनी तिच्या वेणीला हात लावला. रिबीन चाचपली. मग मला जवळ घेऊन माझी चाचपली. आणि मग ते असे हसले, असे हसले, की शेजारचा चहावाला किटली खाली ठेवून बघायला लागला. "म्हंजी येका हाळीत दोन चढल्या की!" म्हणाले. मग त्या पोरीला, हर्षलाला, खिशातून गुळाचा खडा काढून दिला. माझ्यासाठी आणलेला. अर्धा तिला, अर्धा मला.

रिक्षात ते माझ्या रिबिनीचं टोक बोटांत धरून बसले. घर जवळ आलं तेव्हा हळूच म्हणाले, "तू मला दिसलीच न्हाईस गं."

तेव्हा मला कळलं. रिबीन लाथांसाठी नव्हती. मोतीबिंदू पार पिकला होता. घरी सांगितलं, तर डोंगरावर येऊ देणार नाहीत, म्हणून ते कुणालाच बोलले नव्हते. पांढऱ्या टी-शर्टांच्या त्या गर्दीत त्यांना लाल तेवढं दिसत होतं. तोल गेला तरी हूं न करता ते रोज पहाटे माझ्या शेजारून डोंगर चढले होते, वाट जवळजवळ दिसत नसताना. मला वाटत होतं ते मला सांभाळतायत. मी रिक्षात त्यांच्या कोटाच्या बाहीत तोंड खुपसून रडले. ते म्हणत होते, "रडू नगं, येडी. येळ झ्याक आलीया." आणि माझ्या डोक्यावर थापटत होते, भार नीट बसलाय का बघावा तसं.

पुढे लेखी परीक्षा झाली, यादी लागली, तिच्यात मी होते आणि हर्षलाही होती. आबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पट्टी काढली तेव्हा समोर मी. ते बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "काळी झालीस की गं उन्हात." मग म्हणाले, "झ्याक दिसतीस." नव्या डोळ्यांनी ते आणखी चार वर्षं जगले. माझी वर्दी त्यांनी इस्त्री केली, बटणं घासली, आणि दर रविवारी हर्षला उरणहून सुकट घेऊन आली, की आमच्या दोघींना समोरासमोर उभं करून म्हणायचे, "आता सांगतो मी कोन कुठली." आणि मुद्दाम चुकवायचे. गेले तेही सकाळी, चहा पिऊन, गल्लीतल्या पोरीला "मफलर नीट बांध" म्हणून.

आज पहाटे माझी ड्युटी त्याच मैदानावर होती. मी जाळीच्या बाजूला, हर्षला पलीकडच्या वळणावर. तीच थंडी, जाळीबाहेर त्याच चपात्यांच्या टोपल्या. पोरींची तुकडी सुटली, आणि दुसऱ्या फेरीत एक बारकीशी पोरगी मागे पडायला लागली. खांदे सैल, मान खाली. तिच्या पायांत लोखंड उतरताना मला दिसलं. जाळीबाहेर तिचा बाप दोन्ही हातांनी तार धरून उभा होता. ड्युटीवर असताना कुणा एकीचं नाव घेऊन ओरडायचं नसतं. सगळ्या सारख्या. मी ओठ घट्ट मिटले.

आणि मैदानाच्या पलीकडून, उरणच्या खणखणीत गळ्यातून आलं: "हैऽऽ चंपाऽऽ, होऽऽ!"

मला हसू फुटलं आणि डोळे भरले. त्या दिवशीच्या दोन फेऱ्यांत तिने ऐकलेलं, आणि सूर तोच, "हो"वरचा तो लांबलेला चढसुद्धा. मी माझ्या टोकाकडून उचललं, पोटाच्या तळापासून. त्या पोरीची मान वर आली. खरंतर सगळ्यांच्याच आल्या.

साहेब माझ्याकडे वळले. "कोण चंपा? यादीत आहे का अशी कुणी?"

"सगळ्याच, सर," मी म्हटलं.

तोवर ती बारकी पोरगी वळणावरून सुटली होती, आणि जाळीच्या बाहेरून तिचा बाप तिच्या शेजारून धावायला लागला होता.